निळ्या पंपाबद्दल

सांगली, १२ नोव्हेंबर

प्रिय अरुण,

दम्याचा निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, पूर्वीसारखा चालत नाही, दोनाचे चार पफ झाले, ‘शरीराला सवय लागली’ असं तू लिहितोस. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं सांगतो. फार्माकॉलॉजी शिकवणाऱ्या मित्राला असं लिहिलंस, आता भोग.

श्वासनलिकांभोवती अनैच्छिक स्नायूंचा वेढा असतो. त्यांच्या पेशींवर बीटा-२ रिसेप्टर, म्हणजे रसायनांचा निरोप घेणाऱ्या जागा, असतात. गंमत म्हणजे त्यांना ‘सैल सोड’ सांगायला सिंपथेटिक (धावपळीच्या वेळी शरीराला सज्ज करणारी) नस तिथवर जवळपास पोचतच नाही, रक्तातल्या अ‍ॅड्रेनॅलिनवर भागवावं लागतं. साल्ब्युटामॉल त्याच रिसेप्टरवर बसतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या वाढतो, कॅल्शियम उतरतं आणि स्नायू ढिला पडतो. तुझे हात थरथरतात तेही बीटा-२ मुळेच, ते हातापायांच्या स्नायूंतही आहेत. १९६९ साली साल्ब्युटामॉल बाजारात येण्याआधी आयसोप्रिनॅलिन वापरत. त्याला हृदयातला बीटा-१ आणि फुप्फुसातला बीटा-२ सारखेच, त्यामुळे छाती धडधडायची.

आता सवय. दारावर रोज सावकार थाप मारू लागला की घरची माणसं मागच्या खोलीत जाऊन बसतात, तसं पेशी काही रिसेप्टर आत ओढून घेते. शिवाय त्याच स्नायूवर एम-३ रिसेप्टर असतात. अ‍ॅसिटिलकोलीन हे नसांतून सुटणारं रसायन तिथून स्नायू आवळतं. ही आवळण्याची ओढ जितकी जोरात, तितकं साल्ब्युटामॉल फिकं पडतं. इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम ही औषधं एम-३ अडवतात ती यासाठीच.

पण तुझा खरा शत्रू श्वासनलिकांतली सूज आहे, आणि निळा पंप तिला हातही लावत नाही. ते काम स्टेरॉइडच्या पंपाचं; वर तो पेशीला नवे बीटा-२ बनवायला लावतो. ‘स्टेरॉइड’ ऐकून तू तो कपाटात टाकलास, हे वहिनींनी सांगितलं! ओढून घ्यायच्या पंपाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळ्यांच्या मानाने फार थोडा. घेतल्यावर चूळ भर म्हणजे तोंड येणार नाही. दम्याची ‘जीना’ ही जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर राहू नका म्हणतात.

याच आठवड्यात डॉक्टरांना भेट. चार पफ घेऊनही बोलताना धाप लागली, तर भेटीची वाट बघू नकोस, थेट इस्पितळ गाठ.

तुझा,
विनायक

ता. क. काचबिंदूचे थेंब चालू झालेत म्हणालास. बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय का बघ. ते डोळ्यातून नाकात, तिथून रक्तात उतरतं आणि बीटा-२ अडवतं. दमेकऱ्याला ते चालत नाही. असेल तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून दमा आहे म्हणून सांग, थेंब बदलून मिळतील.