रॅटसाठी म्हणून विकलेल्या बीटा-एंडॉर्फिन किटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डब्यावर ‘रॅट’ लिहिलेले किट रॅटचे पेप्टाइड मोजत नसल्याबाबत

महोदय,

बीटा-एंडॉर्फिन (शरीरातले वेदना शमवणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) मोजणाऱ्या आपल्या ९६ वेलच्या (खळग्यांच्या) एलायझा किटच्या (अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचणीच्या संचाच्या) डब्यावर ‘ह्यूमन, रॅट, माऊस’ असे छापले आहे. आतल्या माहितीपत्रकात मात्र अँटिबॉडी (पेप्टाइडला पकडणारे प्रथिन) आणि स्टँडर्ड (तुलनेसाठीचे ठरावीक मात्रेचे नमुने) दोन्ही मानवी पेप्टाइडवरून केल्याची एक ओळ बारीक अक्षरात आहे. आमची तक्रार नेमकी याच ओळीची आहे.

विस्टार जातीच्या रॅटच्या प्लाझ्माचे (रक्तद्रवाचे) अर्क दुप्पट-दुप्पट विरळ करून लावले. मूळ अर्क २२० पिकोग्रॅम प्रति मिली दाखवतो. निम्मा केलेला १६५, म्हणजे दुपटीने ३३०. पाव केलेला १२०, म्हणजे चौपटीने ४८०. हिशेबाचा आकडा तोच राहायला हवा, पण विरळ करावे तसा तो वाढत जातो. स्पर्धात्मक एलायझात (यात नमुन्यातले आणि किटमधले पेप्टाइड एकाच अँटिबॉडीसाठी झगडते) असे दिसले की पहिला संशय दोनच गोष्टींचा: प्लाझ्मातला अडथळा किंवा अँटिबॉडीची कमजोर पकड.

आपल्या तांत्रिक विभागाने ‘एक्स्ट्रॅक्शन (अर्क काढणे) नीट झाले नसावे’ असे कळवले. रक्त गार ईडीटीए ट्यूबमध्ये, मिलीला ५०० केआययू (एकके) ॲप्रोटिनिन (पेप्टाइड तुटू न देणारे द्रव्य) घालून घेतले होते; ४ अंशांना १६०० जी वर १५ मिनिटे फिरवले; सी-१८ कार्ट्रिजवर (पेप्टाइड धरून ठेवणाऱ्या नळीवर) १ टक्का टीएफएने (ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्लाने) धुऊन ६० टक्के ॲसिटोनायट्राइलने उतरवले. तरीही ती शंका मिटावी म्हणून प्लाझ्माच बाजूला ठेवला. आपल्याच किटमधल्या ॲसे बफरमध्ये (चाचणीच्या द्रावणात), त्याच लो-बाइंडिंग ट्यूबमध्ये, १००० पिकोग्रॅम प्रति मिलीची दोन द्रावणे केली. मानवी पेप्टाइड ९४० आले. कृत्रिम रॅट पेप्टाइड ३८०. ट्यूबला चिकटून नुकसान झाले असते, तर दोन्हींचे झाले असते.

कारणही उघड आहे. दोन्ही पेप्टाइडमध्ये ३१ अमिनो आम्ले, पहिली २५ तंतोतंत सारखी. फरक शेपटाकडे: २६, २७ आणि ३१ या जागी माणसात ॲलानिन, टायरोसिन, ग्लुटामिक आम्ल; रॅटमध्ये व्हॅलिन, हिस्टिडिन, ग्लुटामिन. आपली अँटिबॉडी शेपूट धरत असेल, तर रॅटवर तिची पकड ढिली पडणारच. शिवाय बीटा-लिपोट्रोपिन या मोठ्या पेप्टाइडच्या शेवटी बीटा-एंडॉर्फिनच्या सगळ्या ३१ कड्या असतात, त्यामुळे अशी अँटिबॉडी तेही मोजू शकते. त्याची क्रॉस-रिॲक्टिव्हिटी (अँटिबॉडी ते किती पकडते याचे प्रमाण) पत्रकात कुठेही नाही.

पार्सलमधले थंड ठेवणारे जेल पॅक वितळलेले होते, हेही नोंदवतो. मात्र स्टँडर्ड वक्र व्यवस्थित आला, तेव्हा दोष त्याचा नाही.

या रक्तासाठी जनावरे मारली गेली आहेत. प्राणी नीतिसमितीने मंजूर केलेली संख्या मोजकी असते. किट चुकले म्हणून नवे रॅट सहज मागता येत नाहीत. ‘संशोधनापुरते’ असा शिक्का मारला म्हणजे डब्यावर काहीही छापावे, असे होत नाही.

म्हणून पुढील गोष्टी पंधरा दिवसांत कराव्यात: किटची पूर्ण रक्कम परत किंवा रॅट स्टँडर्डवर तपासलेले दुसरे किट; या लॉटच्या अँटिबॉडीचा एपिटोप (पेप्टाइडचा ती पकडते तो भाग) आणि रॅट बीटा-एंडॉर्फिन, बीटा-लिपोट्रोपिन व ॲसिटिल बीटा-एंडॉर्फिन यांच्या क्रॉस-रिॲक्टिव्हिटीचा लेखी तक्ता; आणि हाच लॉट रॅटसाठी घेतलेल्या इतर प्रयोगशाळांना सूचना.

दोन्ही चाचण्यांचे ४५० नॅनोमीटरला मोजलेले कच्चे आकडे आणि डब्याचे फोटो सोबत जोडले आहेत. उरलेले अर्क उणे ८० अंशांना ठेवले आहेत. आपला प्रतिनिधी येऊन तपासू शकतो.

आपले,
प्रयोगशाळा प्रमुख व सहकारी