ड्रेफसच्या आधीचं काहीच नाही?

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला फ्रान्समधल्या ज्यूंवरचा लेख वाचला. चांगलाय, पण १७९१ मध्ये समान हक्क मिळाले असं एका वाक्यात सांगून लेखक डायरेक्ट १८९४ च्या ड्रेफसवर (हेरगिरीच्या खोट्या आरोपात शिक्षा झालेला ज्यू लष्करी अधिकारी) जातात, मधली शंभर वर्षं गायब! मी स्वतः वकिली केलीय म्हणून असेल पण मला तो मधलाच काळ जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण ती लढाई कोर्टात लढली गेली.

दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांस (थोडक्यात एक्स) शहरातले ज्यू वकील जास्युदा बेदारीद घ्या. जन्म १८०४. ते चार वर्षांचे असताना नेपोलियनने हुकूम काढला की ज्यू व्यापाऱ्यांनी दरवर्षी वेगळा परवाना काढायचा, त्यांनी दिलेली कर्जं वसूल करायलाही नाना अटी, म्हणजे हक्क दिले आणि १७ वर्षांत अर्धे परत घेतले (हा हुकूम १८१८ ला संपला). हाच मुलगा पुढे वकील झाला आणि जाडजाड पुस्तकं लिहिली कशावर, तर व्यापारी कायदा, दिवाळखोरी, फसवणूक! ज्या विषयांवरून ज्यूंना टोमणे मारायचे त्याच विषयांचा कायदा बाकीचे वकील यांच्या पुस्तकातून वाचत होते, हे मला भारी वाटतं.

शिवाय कित्येक कोर्टांत ज्यू माणसाला साधी शपथ चालायची नाही, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) जाऊन तोरा या धर्मग्रंथावर हात ठेवून वेगळी अपमानास्पद शपथ घ्यावी लागायची. शेजारच्या नीम शहरातले ज्यू वकील अदोल्फ क्रेमिए याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले, आणि ती शपथ कायमची गेली १८४६ ला, वरच्या कोर्टाच्या निकालाने. मग दोनच वर्षांत क्रांती झाली, राजा पळाला, क्रेमिए न्यायमंत्री झाले आणि बेदारीद एक्सचे महापौर. ज्या प्रोव्हांसमधून १५०१ मध्ये ज्यूंना हाकलून दिलं होतं त्याच्या जुन्या राजधानीत! लंडनमध्ये तेव्हा निवडून आलेला ज्यू बँकर रॉथस्चाइल्ड ख्रिश्चन शपथ घेत नाही म्हणून पार्लमेंटबाहेर थांबला होता, तो आत गेला १८५८ ला. (आपल्या मुंबईला बेने इस्रायली (म्हणजे मराठी ज्यू) महापौर मिळाले १९३७ मध्ये, डॉ. ई. मोझेस. त्यांच्या नावाचा वरळीचा रस्ता सगळ्यांना माहितीय, माणूस किती जणांना?)

बेदारीद महापौरपदावर जेमतेम वर्षभर होते, त्यामुळे त्यांनी शहर बदलून टाकलं वगैरे मी म्हणणार नाही. नंतर १८५९ मध्ये त्यांनी फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या ज्यूंचा इतिहासही लिहिला. १८८२ ला गेले, ड्रेफस प्रकरण बघावं लागलं नाही.

आणि लेखात म्हटलंय की ड्रेफस निर्दोष सुटला आणि प्रश्न मिटला, ते तर अजिबात पटलं नाही. १९४० मध्ये जर्मनीपुढे हरल्यावर आलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने एका कायद्याने ज्यूंना सरकारी पदांवरून काढलं आणि १९४२ ला याच एक्स शहराच्या हद्दीतल्या ले मिल छावणीतून सुमारे २००० ज्यूंना आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीच्या वाटेला लावलं. लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर १८०८, १८४६ आणि १९४० एवढं तरी त्यात घ्या प्लीज.

आपला,
एक निवृत्त वकील, डोंबिवली