पुण्य नको, तर मग कशासाठी?

प्रिय सोन्या,

परवा फोनवर तू सरळच विचारलंस, "आई, आपण देव मानत नाही, पाप-पुण्य मानत नाही, मग दर महिन्याला युगांडाला पैसे कशासाठी पाठवतेस?" मी विषय बदलला ते उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. घाईघाईत बोलले असते तर ते उणं पडलं असतं. आज निवांत बसून लिहिते आहे.

मी ज्या घरात वाढले तिथे दान म्हटलं की हिशोब ठरलेला असायचा. इथे द्यायचं, वर मिळतं. आजी मनापासून द्यायची, तिच्या देण्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण मला लहानपणापासून एक खटकायचं: घेणारा माणूस या हिशोबात निमित्तमात्र उरतो. इंग्लंडला आल्यावर मानवतावादी गटाच्या, म्हणजे देवाधर्माऐवजी माणूस आणि विवेक मानणाऱ्यांच्या, बैठकीला गेले, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी स्वच्छ शब्दांत सांगितलं की समोरच्याची गरज हेच देण्याचं पुरेसं कारण आहे. घरी परतताना मला किती हलकं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

हा विचार तुला उपरा वाटू नये. 1952 साली ॲमस्टरडॅमला निरनिराळ्या देशांतले मानवतावादी जमले, जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले अध्यक्ष होते. तिथे जो जाहीरनामा निघाला तो 2002 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये ग्लासगोला नव्याने लिहिला गेला, कारण आपलं म्हणणं अंतिम आहे असा दावा ही मंडळी करत नाहीत. (मला सगळ्यात जास्त हेच पटतं.) त्याच बैठकीत उभ्या राहिलेल्या जागतिक संघटनेचा आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार 1978 मध्ये आपल्या सासवडच्या न्यायमूर्ती वि. म. तारकुंड्यांना मिळाला होता. माणसाची प्रतिष्ठा, विवेक, स्वातंत्र्य आणि त्याच्या जोडीने येणारी जबाबदारी, एवढं धरलंस तरी गाभा हाताशी लागतो.

आता युगांडाच का, आणि शाळाच का?

तिथे 1997 पासून सरकारी प्राथमिक शिक्षणाची फी माफ झाली, 2007 पासून माध्यमिकची योजना आली. पण गणवेश, वह्या, जेवण, परीक्षेचा खर्च हे सगळं उरतंच, आणि सरकारी शाळा गावापासून लांब असेल तर ती असूनही नसल्यासारखी. शिक्षणाचा मोठा भार तिथे आधीपासून चर्च आणि मशिदींनी उचलला आहे. त्यांचं ते काम मी कमी लेखत नाही. मात्र धर्माच्या नावाची पाटी नसलेली, सगळ्या घरांतल्या मुलांना घेणारी शाळाही असावी असं काही युगांडन शिक्षकांना वाटलं. मसाकाजवळचं आयझॅक न्यूटन हायस्कूल, बुसोताचं मस्टर्ड सीड, पश्चिमेला र्‍वेन्झोरी पर्वताच्या पायथ्याशी 2011 मध्ये रॉबर्ट ब्वाम्बाले यांनी कासेसेला सुरू केलेली शाळा, या सगळ्या तिथल्याच माणसांनी उभ्या केल्या. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये 'युगांडा ह्युमनिस्ट स्कूल्स ट्रस्ट' निघाला तो अशा शाळांच्या पाठीशी राहायला. वर्गखोल्या, पुस्तकं, प्रयोगशाळेचं सामान, गरीब मुलांच्या शिष्यवृत्त्या अशा कामांना पैसे लागतात. इथल्या गिफ्ट एड या देणग्यांवरच्या करसवलतीमुळे आपल्या एका पौंडामागे सरकार 25 पेन्स वर घालतं, म्हणून तो फॉर्म भरायला मी तुझ्या मागे लागले होते.

तू विचारशील तो पुढचा प्रश्न मी स्वतःच एकदा बैठकीत विचारला होता: मग मिशनऱ्यांनी केलं तेच आपण करत नाही का, फक्त उलट्या दिशेने? खोलीत क्षणभर कुणी बोलेना. पुष्कळ चर्चा झाली. मला पटलं ते असं, की मदतीला विश्वासाची अट घातली की ती मदत राहत नाही. मुलगी रविवारी चर्चला जाते की शुक्रवारी तिचे वडील मशिदीत जातात, याची चौकशी करायचा आपल्याला अधिकार नाही. शाळेत "हे कशावरून?" असं तिला न घाबरता विचारता आलं पाहिजे, आणि हा प्रश्न तिने आपल्यालाही विचारला पाहिजे. ज्या दिवशी या पैशांच्या बदल्यात कुणाकडून नास्तिकपणा मागितला जाईल, त्या दिवशी मी पाठवणं थांबवीन.

करोनात तिथल्या शाळा मार्च 2020 ला बंद झाल्या त्या पूर्णपणे उघडायला जानेवारी 2022 उजाडला. जवळजवळ दोन वर्षं! खाजगी शाळांत फी थांबली की शिक्षकांचा पगार थांबतो. मी त्या काळात बैठकीला बसायचे आणि कळायचं की भिंतीपेक्षा माणूस टिकवणं किती अवघड आहे. ज्या शिक्षकाला पोटासाठी दुसरं काम धरावं लागलं, तो परत येईलच असं नाही.

आणि आता ते पत्र. तू दहा वर्षांचा असताना तिथल्या एका मुलीने आपल्या गटाला पाठवलं होतं, आठवतं? पानात स्टार्च आहे का ते पाहायचा शाळेतला प्रयोग तिने लिहिला होता: पान आधी पाण्यात उकळायचं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये, हिरवा रंग उतरला की वर आयोडीनचे थेंब. तिने पेन्सिलीने पान काढून त्यावर शाईने गर्द निळे ठिपके दिले होते आणि खाली विचारलं होतं, "तुमच्याकडच्या पानांचाही असाच रंग येतो का?" तू रात्री साडेनऊला बागेतलं पान तोडून आणलंस आणि मला स्वयंपाकघरात उभं केलंस. स्पिरिट आगीजवळ न्यायचं नाही हे मी तुला चारदा सांगितलं. पान काळंनिळं झालं तेव्हा तू ओरडलास, "येतो! तिला सांग, येतो!"

ते उत्तर आपण पाठवलं. पण तिचा कागद मी ठेवून दिला होता, तो या पाकिटात घातला आहे. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात वेळ लिहिलेली आहे, 9 वाजून 52 मिनिटं.

तुझी,
आई