कॉम्प्युटर आधी बिलिंगला, वॉर्डात सगळ्यात शेवटी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. हॉस्पिटलं 'पेपरलेस' होतायत असं सारखं वाचायला मिळतं, मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो पहिल्यांदा बिलिंगच्या खिडकीवर, पैशाचा हिशेब चुकला की लगेच बोंब होते ना! मग लॅब, मग फार्मसीचा स्टॉक, मग एक्स-रे, आणि वॉर्डाचा नंबर शेवटी. प्रत्येक डिपार्टमेंटनी आपापलं सॉफ्टवेअर आपल्या सवडीनं घेतलेलं, त्यामुळे एकाच पेशंटचे तीन नंबर, लॅबच्या स्क्रीनवरचा रिपोर्ट कागदावर उतरवून घ्यायचा आणि तोच परत वॉर्डाच्या स्क्रीनवर टाईप करायचा, म्हणजे चुकायला दोन जागा. रजिस्टर आम्ही गुपचूप चालूच ठेवलं होतं, सर्व्हर बंद पडला की डॉक्टर आधी तेच मागायचे.

बरं हे दुखणं जुनंच आहे. वेगवेगळ्या सिस्टीमनी एकमेकींशी बोलावं म्हणून एचएल-सेव्हन हे स्टँडर्ड निघालं १९८७ साली, तरी नवीन मॉड्यूल घेताना 'जुन्याशी जोडलं जाईल का' हे कोणी विचारतच नाही, विचारलं तरी 'पुढच्या फेजमध्ये' असं उत्तर मिळतं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलनी डॉक्टरांनी ऑर्डर कॉम्प्युटरवरच टाकायची अशी सिस्टीम आणली होती, डॉक्टर इतके वैतागले की काही महिन्यांतच २००३ मध्ये ती थांबवावी लागली. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची ही गत!

फायदा नाही असं मी म्हणत नाही. डॉक्टरांचं अक्षर लावत बसण्यातून सुटलो हेच केवढं. औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर स्क्रीन सांगते, पण ती फालतू गोष्टींसाठीही इतक्यांदा सांगते की शेवटी माणूस न वाचता ओके ओके दाबत सुटतो आणि नेमका खरा इशारा त्यातच जातो.

खरेदीच्या मिटिंगला अकाउंट्सवाले, आयटीवाले, कंपनीचा माणूस, सगळे असतात, सिस्टर नसते. माझं एवढंच म्हणणं आहे की डेमो कॉन्फरन्स रूममध्ये चहा घेत बघू नका, रात्रीच्या ड्युटीला वॉर्डात लावा, एक सिस्टर, भरलेले बेड आणि मध्येच एखादी इमर्जन्सी, आणि एका इंजेक्शनची नोंद करायला किती क्लिक लागतात ते तिच्या शेजारी उभं राहून मोजा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर