जर्मनीतल्या ट्यूबिंगेनहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

मी मजेत आहे. व्हिडिओत वाळलेली दिसते ती खोलीतल्या उजेडामुळे, दोन्ही वेळा नीट जेवते. शनिवारी फोन उचलला नाही, कारण सिनेमाला गेले होते. एकटी नव्हते, आणि बस रात्रीही असते.

सिनेमा 1926 चा. कार्टूनच, पण सगळं काळ्या सावल्यांचं. लोटे राइनिगर नावाच्या बाईंनी पोट्सडाममध्ये तीन वर्षं खपून केला. पुठ्ठा कात्रीने कापायचा, सांधे तारेने जोडायचे, खालून उजेड दिलेल्या काचेवर बाहुली केसभर हलवायची, वरून एक फोटो. परत केसभर, परत फोटो. पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत आज टिकून राहिलेला सर्वांत जुना हाच. बाई शेवटी इथल्याच जवळच्या गावात राहायच्या, म्हणून त्यांच्या बाहुल्या आमच्या गावच्या संग्रहालयात आहेत.

बाबा, पिंगुळीला ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या बघायला न्यायचात, तेव्हा मी खेळ सोडून पडद्यामागे पळायचे ना? परवाही गोष्ट बाजूलाच राहिली, मी हलवणारा हात शोधत बसले. चेहरा काळाभोर, तरी मान जराशी झुकली की पोरगी लाजली हे कळतं. हल्लीची गुळगुळीत कार्टून्स मला त्यापुढे फिकी वाटतात.

आई, जिन्याचं विचारलंस. इथे दर आठवड्याला एका घराची पाळी. दारावर पाटी लटकते, की त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, बाहेरचा फुटपाथसुद्धा. जिना लख्ख असला तरी झाडायचाच. झाडताना शेजाऱ्यांना दिसलंही पाहिजे, नाहीतर केलं असं कोणी धरत नाही. झालं की पाटी पुढच्या दारावर. खालच्या आजी तर पायऱ्यांच्या कडेवरून बोट फिरवून बघतात. मला कोणी मोलकरीण केलेलं नाही, मामीला सांग.

हप्त्याचे पैसे पाच तारखेला येतील, या वेळी थोडे कमी. पुढच्या महिन्यात भरून काढते. बाबा, कोणाकडे मागू नका.

वेंगुर्ल्याच्या स्थळाला नाही म्हणत नाहीये. प्रबंध देऊन होईपर्यंत थांबा, एवढंच. माझा फोटो मात्र इतक्यात पाठवू नका.

आणि चतुर्थीला यायला जमत नाहीये. तिकिटं बघितली होती, खरंच. आजीला तुम्ही सांगू नका, रविवारी मीच सांगते.

तुमची,
मनू