घरची अरबी आणि परीक्षेची अरबी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील परदेशी भाषांवरील लेखात ‘घरी अरबी बोलणाऱ्या मुलांना ए-लेव्हलची अरबी म्हणजे हातचे गुण’ असे म्हटले आहे. ते मला पटले नाही. ए-लेव्हल या इंग्लंडमधील बारावीच्या तोडीच्या परीक्षेला लागते ती प्रमाण अरबी, म्हणजे फुस्हा. ती कोणाच्याच घरी बोलली जात नाही. ‘मला हवे आहे’ला फुस्हात ‘उरीद’, सीरियात ‘बिद्दी’ आणि मोरोक्कोत ‘बघीत’.

आमच्या शेजारची मोरोक्कन मुलगी यंदा महिनोन्‌महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसत होती. अरबी छपाईत ऱ्हस्व स्वर सहसा दाखवत नाहीत. त्यामुळे क-त-ब ही तीनच अक्षरे ‘कतब’ (त्याने लिहिले), ‘कुतिब’ (लिहिले गेले) किंवा ‘कुतुब’ (पुस्तके) अशी कशीही वाचता येतात. ती लाल पेन्सिलीने एकेका शब्दावर स्वरचिन्हे देई, मग खोडून पुन्हा वाचे. एक उतारा संपायला संध्याकाळ जाई. आजीशी ती घडाघडा बोलते, पण त्याचा इथे उपयोग नाही. एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल अरबीला तोंडी परीक्षाच नाही. श्रवणाचे प्रश्नसुद्धा लिहूनच सोडवायचे.

अर्ज, वकील, हिशेब, तारीख हे अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत येऊन घरचे झाले. ते रोज वापरणाऱ्या आपल्या वाचकांपर्यंत या मुलांचे कष्टही पोहोचायला हवेत. पुढील लेखात ही दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, लेस्टर (इंग्लंड)