पश्चिमेकडचे ११ गुंठे

श्रीवर्धन

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, पाठची अर्धी वाडी विकू आणि आलेल्या पैशात घर नीट करू. मी तेव्हा काही बोलले नाही. रागावले नव्हते रे. गॅसवर दूध होतं, आणि फोनवर मला भांडता येत नाही. म्हणून लिहिते.

हिशेब तुझा चुकीचा नाही. २२ गुंठे म्हणजे जवळजवळ २४ हजार चौरस फूट, आणि राहणारी मी एकटी. कौलं दर मे महिन्यात परतून घ्यावी लागतात, पडवीचा एक वासा वाळवीने खाल्लाय. एजंट महिन्यातून एकदा गडग्यापाशी येऊन उभा राहतोच. त्यालाही समुद्राकडचेच ११ गुंठे हवेत.

त्या ११ गुंठ्यांत माड आहेत, आणि ते शोभेला लावलेले नाहीत. पोफळीला, म्हणजे आपल्या सुपारीच्या झाडाला, दुपारनंतरचं ऊन सोसत नाही. खोड त्या बाजूने करपतं, भेगाळतं आणि पुढे वाऱ्यात तिथेच मोडतं. खारा वारा आणि पश्चिमेचं ऊन माड आधी अंगावर घेतात, म्हणून आत पोफळी उभ्या आहेत. घेणारा पहिल्या महिन्यात माड तोडणार, कारण त्याला खिडकीतून समुद्र दिसायला हवा.

मी तो बघितलाय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू लॉकडाऊनमुळे पुण्यात अडकला होतास. बाबा आणि मी माजघरात बसलो होतो. कौलं उडताना आवाजही आला नाही, वाऱ्याच्या आवाजात सगळं बुडालं होतं. नुसता उजेड वाढत गेला. संध्याकाळी पाठचं दार उघडलं तर समोर थेट समुद्र. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्या दारातून तो कधी दिसला नव्हता. बाबा पायरीवर बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. वादळातून वाचलेल्या पोफळीसुद्धा पुढच्या दोन उन्हाळ्यांत करपून गेल्या, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

मग बाबांनी नऊ-नऊ फुटांवर रोठा सुपारीची रोपं लावली, मध्ये सावलीला केळी. मी म्हटलं, या वयात सुपारी लावताय? तर म्हणाले, केळी तरी खाऊ. केळी खाल्ली त्यांनी. या वर्षी त्या सुपारीतल्या चार झाडांना पहिली पोय, फुलांचा तुरा, आली आहे.

शिवाय तू म्हणतोस तशी वाडी अर्धी केली तर विहीर विकायच्या भागात जाते. शेजारच्या वाडीत रिसॉर्ट झालं, बोअर मारली, दिवसरात्र उपसा. आता त्यांचं पाणी मचूळ लागतं आणि ते टँकर मागवतात. आपली विहीर अजून गोडी आहे. ती कुणाच्या पंपाखाली द्यायची माझी तयारी नाही.

घराचं म्हणशील तर वासा तेवढा बदलू. सुताराला विचारलंय, फणसाचं लाकूड वाडीतलंच आहे, मजुरीचे तू पाठव. बाकी गळतं तिथे मी टोप ठेवते.

नारळ पाडायला पाडेली सोमवारी येतोय. नारळ सोलून पाठवू की सोडणासकट, ते कळव. गेल्या खेपेला तुमच्या सोसायटीत सोलायला कुणी मिळालं नव्हतं आणि तू स्क्रूड्रायव्हर मोडून घेतलास.

तुझी,
आई